इंग्रजी अडते ते क्रियापदापाशी

दहावीचा निकाल लागला की पेण, रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी एक वाक्य घरोघर ऐकू येते : 'बाकी सारे ठीक आहे, पण इंग्रजी कच्चे.' इंग्रजी नेमके कोठे कच्चे आहे असे विचारले, तर उत्तरेही ठरलेली असतात. शब्द कमी पडतात, काळ समजत नाहीत, बोलण्याची सवय नाही. मग शब्दांची पाठांतरे सुरू होतात, बारा काळांचा तक्ता भिंतीवर लागतो, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा कानी पडते. इतक्या वर्षांच्या औषधाने गुण येत नसेल, तर निदान तपासून पाहावयास हवे. आमच्या मते दुखणे शब्दसंख्येत फारसे नाही. ते क्रियापदापाशी आहे. क्रियापदाचा अर्थ मुलांना कळतो. ते आपल्यामागून कोणाला, कोणत्या रूपात बोलावते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. 'टेल' म्हणजे सांगणे आणि 'सजेस्ट' म्हणजे सुचविणे हे आठवीच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. 'आय टोल्ड हिम टू गो' हे वाक्य तो बिनचूक लिहितो, आणि त्याच चालीवर 'आय सजेस्टेड हिम टू गो' असेही लिहितो. मराठीत 'जायला सांगितले' आणि 'जायला सुचविले' ही दोन्ही रूपे एकाच घडणीची असल्याने त्याला शंका येण्याचे कारणच नसते. इंग्रजीला मात्र दुसरे वाक्य चालत नाही. तेथे 'आय सजेस्टेड दॅट ही शुड गो' असे म्हणावे लागते. 'मला समजावून सांगा' यावरून झालेले 'एक्सप्लेन मी', 'त्याविषयी चर्चा केली' यावरून झालेले 'डिस्कस्ड अबाउट इट' ही याच कुळातली. शब्द सगळे बरोबर, काळ बरोबर, स्पेलिंगही बरोबर. तरी वाक्य चुकलेलेच. अशा वाक्याखाली शिक्षक तांबडी रेघ ओढतात, पण कारण सांगत नाहीत. कारण त्यांनाही ते कोणी सांगितलेले नसते.

वास्तविक प्रत्येक क्रियापदाचा आपला असा गोतावळा असतो, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मूल आईवर रागावते, मित्राशी भांडते आणि कुत्र्याला भिते. 'वर', 'शी' आणि 'ला' यांची अदलाबदल तीन वर्षांचे पोरही करीत नाही. 'त्याला जाऊ दिले', 'त्याला जायला सांगितले' आणि 'त्याला जाण्यापासून रोखले' या तीन वाक्यांत 'जाणे' या एकाच क्रियेची तीन रूपे आली आहेत, आणि ती ठरविली आहेत मागून येणाऱ्या क्रियापदाने. आता इंग्रजी पाहा : 'लेट हिम गो', 'टोल्ड हिम टू गो', 'प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम गोइंग'. तेथेही एकाच 'गो'ची तीन रूपे, आणि तेथेही हुकूम क्रियापदाचाच. दोन्ही भाषांचा कारभार एकाच रीतीने चालतो. फक्त कोणते क्रियापद कोणते रूप मागते याच्या याद्या वेगळ्या आहेत. त्या याद्या विद्यार्थ्याच्या हाती दिल्या नाहीत, तर तो मराठीची यादी घेऊन इंग्रजीच्या बाजारात जाणार, हे उघड आहे.

या याद्या करण्याचे काम झालेलेच नाही असेही नाही. जपानात अनेक वर्षे इंग्रजी शिकविणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ पासून तो ऑक्सफर्डच्या नावाने जगभर गेला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांसाठीच तो रचला होता, आणि त्याचे वैशिष्ट्य हे की त्यात क्रियापदांचे पंचवीस साचे पाडून प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याचा क्रमांक दिला होता. जपानी विद्यार्थी ज्या ठिकाणी अडखळत होता, जवळजवळ त्याच ठिकाणी रोह्याचा विद्यार्थी आज अडखळतो. या कोशाच्या पुढच्या आवृत्त्या आपल्याकडील शाळांच्या कपाटांतून दिसतात; पण त्या उघडल्या जातात त्या केवळ शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी.

त्याही आधीची परंपरा तर आपल्या घरचीच आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्या कोणालाही विचारा. 'रुच्' म्हटले की चतुर्थी, 'भी' म्हटले की पंचमी, हे त्याला आजही आठवेल. 'दुह्', 'याच्' यांसारखे धातू दोन कर्मे घेतात, हे विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत करीत आले. संस्कृतचा शिक्षक धातू शिकविताना त्याचा अर्थ तेवढा सांगून थांबत नाही, त्याची विभक्तीही त्याच श्वासात सांगतो. रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक लागला. त्यांच्या बुद्धीची सर सर्वांना येणार नाही हे खरे. तथापि, भाषा म्हणजे शब्दांचे परस्परांशी असलेले नाते, ही शिस्त त्या काळच्या शाळेत संस्कृतच्या तासाला लागत असे, आणि ती लावण्यास अलौकिक बुद्धी लागत नाही. तीच शिस्त इंग्रजीच्या तासाला का लावू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा असता, तर त्यासाठी एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांतील पुष्कळ सूचना इंग्रजीत असतात. 'मस्ट नॉट ओपन' म्हणजे उघडता कामा नये. 'नीड नॉट ओपन' म्हणजे उघडण्याची गरज नाही, पण उघडले तरी बिघडत नाही. पाळी बदलताना नोंदवहीत 'रिमेंबर टू क्लोज द व्हॉल्व्ह' असे लिहिले असेल, तर व्हॉल्व्ह अजून बंद व्हावयाचा आहे. 'आय रिमेंबर क्लोजिंग द व्हॉल्व्ह' असे लिहिले असेल, तर तो बंद केल्याचे लिहिणाऱ्यास आठवते आहे. 'टू' आणि 'इंग' यांतला हा फरक रसायनाच्या टाकीशेजारी उभ्या असलेल्या तरुणाला नीट कळलेला बरा. पेणच्या गणेशमूर्ती दरवर्षी परदेशी जातात. तेथील ग्राहकास 'वुई विल सेंड' असे कळवावयाचे असता अधिक नम्र म्हणून 'वुई वुड सेंड' असे लिहिले, तर वाचणारा पुढच्या 'पण'ची वाट पाहात बसतो. कारण त्या रूपात 'पाठविले असते' किंवा 'पाठवू, जर...' अशी अट दडलेली असते. मूर्ती वेळेवर निघालेली असूनही पत्र मात्र अडखळते.

आता यावरचे आक्षेप पाहू. पहिला असा की इंग्रजी आता आपलीही भाषा झाली आहे, तेव्हा आपण बोलू तेच शुद्ध. यात तथ्य आहे. उच्चार आपले राहोत, 'प्रीपोन'सारखे शब्द आपण घडवोत, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पेणकर, रोहेकर अशी आडनावे ज्यात आढळतात, त्या बेने इस्रायल समाजात जन्मलेले कवी निस्सीम इझिकेल यांनी 'आय ॲम नोइंग' थाटाच्या भारतीय इंग्रजीवर कविता लिहिल्या, आणि त्या वाचून पुष्कळ जण हसले. अशा बोलण्याने कोणाचे नुकसान होत नसेल, तर हसून सोडून द्यावे. जेथे अर्थच कलतो तेथे मात्र आपलेपणाचा हवाला देऊन चालत नाही.

दुसरा आक्षेप असा की मुलाला इंग्रजी माध्यमात घातले की हे सारे आपोआप सुटते. आपोआप येते ती भाषा अंगणात, बाजारात आणि एस.टी.च्या रांगेत कानावर पडावी लागते. पेणच्या बाजारात इंग्रजी ऐकू येत नाही. अशा ठिकाणी क्रियापदांचे साचे जाणीवपूर्वक रुजवावे लागतात, माध्यम कोणतेही असो. इंग्रजीचा आरंभ लवकर केल्यानेही काम आपोआप होत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत लांबविली गेली होती. सन २००० मध्ये महाराष्ट्राने ती मराठी शाळांत पहिलीपासून आणली. ती पहिलीपासून शिकलेली पिढी आता नोकरीधंद्यास लागली आहे, आणि 'सजेस्टेड हिम टू गो' अजून आहे तेथेच आहे. उलट मराठी माध्यमाच्या शिक्षकाच्या हाती एक साधन आहे, ते त्याने वापरावे. 'सर बोलायचे थांबले' आणि 'सर बोलायला थांबले' ही दोन वाक्ये त्याने फळ्यावर लिहावीत. पहिल्यात सर गप्प झाले, दुसऱ्यात त्यांचे बोलणे सुरू झाले. मग त्यांच्यापुढे 'स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'स्टॉप्ड टू टॉक' लिहावे. जो भेद तासभर इंग्रजीत समजावूनही कळला नसता, तो मराठीने एका मिनिटात कळेल.

साचा एकदा बसला की तो हलत नाही, याचा पुरावा जुन्या कचेऱ्यांत मिळेल. 'आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट दॅट' हे वाक्य लिहिताना कोणताही जुना लिपिक कधी अडखळला नाही. त्यातले कर्मणी रूप, त्यानंतरचा 'टू' आणि शेवटचा 'दॅट' त्याने निरनिराळे शिकले नव्हते. अख्खे वाक्य हाताला वळण म्हणून लागले होते. जे कचेरीच्या एका वाक्याबाबत शक्य झाले, ते रोजच्या उपयोगाच्या शेदोनशे क्रियापदांबाबत अशक्य का असावे?

याकरिता नवी समिती नको, नवे पाठ्यपुस्तकही नको. विद्यार्थ्याच्या वहीत क्रियापद एकटे लिहिले जाऊ नये, इतका नियम पुरे. 'एन्जॉय' असे न लिहिता 'एन्जॉय डुइंग', 'वेट' असे न लिहिता 'वेट फॉर समबडी', 'एक्सप्लेन' असे न लिहिता 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असे लिहावे, आणि समोर त्याच अर्थाचे मराठी वाक्य. आठवड्यास तीन क्रियापदे घेतली, तरी शाळेच्या पस्तीस आठवड्यांत शंभरांचा टप्पा ओलांडतो. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत ही संख्या सहाशेच्या घरात जाते. तेवढ्या भांडवलावर माणूस आयुष्यभर पत्रव्यवहार करू शकेल. परीक्षा घेणाऱ्यांनीही कर्तरीचे कर्मणी करण्याच्या कसरतीतले काही गुण काढून 'क्रियापदापुढे योग्य रूप लिहा' या प्रश्नास द्यावेत. कारण परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हा आपल्या शाळांचा अलिखित कायदा आहे.

इंग्रजी कच्चे म्हणून पेण-रोह्याचा मुलगा मुलाखतीच्या खोलीबाहेर मान खाली घालून बसतो, तेव्हा त्याला आपल्या बुद्धीतच काही उणे आहे असे वाटू लागते. उणीव त्याच्या बुद्धीत नसते. त्याला शब्द दिले गेले. ते शब्द कोणाच्या सोबतीने चालतात, हे सांगावयाचे राहून गेले. तेवढे सांगण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आणि ती पार पाडण्यास खडू, फळा व मराठी जाणणारा शिक्षक एवढी सामग्री पुरेशी आहे.