पुढच्या खुर्च्यांचं हसू

‘हसू आलं म्हणून हसलो, त्यात काय एवढं?’ हा आपल्याकडचा ठरलेला बचाव. शिमग्यातल्या सोंगाने कातकऱ्याच्या बोलीची नक्कल केली, हळदीच्या रात्री कुणी नवरीच्या रंगावर कोटी केली आणि कुणी हटकलंच, तर हे वाक्य तयार. त्याला जोडून दुसरं: ‘अहो, ज्याची थट्टा केली तोसुद्धा हसत होता की!’ महाड-पोलादपूरच्या गावांतून दोन्ही वाक्यं सर्रास ऐकू येतात, आणि दोन्ही खोटी आहेत.

शिंक आपोआप येते, आणि ती सरपंचांच्या तोंडाकडे बघून येत नाही. हसू येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना अभ्यासात आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो; आणि ते हसूही बहुतेक वेळा विनोदावर नसतं, साध्यासुध्या बोलण्यावर असतं. टीव्हीवाल्यांनी हे त्याआधीच हेरलं होतं. चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात मुद्रित केलेला हशा कार्यक्रमात पेरणारं यंत्रच बनवलं.

पण त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं? पोलादपूरच्या एखाद्या वाडीत शक्ती-तुऱ्याच्या सामन्याच्या रात्री मांडवाच्या अगदी मागे उभे राहा. एका बाजूच्या शाहिराने दुसऱ्याला टोमणा मारलेला असतो. लाउडस्पीकर फाटलेला, ढोलकी चढलेली, निम्मे शब्द हवेतच विरलेले. तरी पुढच्या खुर्च्यांत हशा पिकतो. तिथे मुंबई मंडळाचे पदाधिकारी, गावकीतले मानकरी आणि देणगीदार बसलेले. तिथून तो सतरंजीवर उतरतो, बायकांच्या घोळक्यात शिरतो आणि शेवटी खांबाला टेकलेल्या पोरापर्यंत येतो. पोरगा शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हनला रं?’ विचारतो तोही हसत हसतच. घटकाभराने तसलाच टोमणा उलट बाजूने आला की निम्मा मांडव गप्प. बोच तेवढीच, यमकही तेवढंच पक्कं. पण आता आपला शाहीर मार खातोय. मग विनोद कळला कुणाला?

आता थट्टा झालेल्याच्या हसण्याबद्दल. खोताच्या पडवीत कूळही हसत असेल. न हसणं त्याला परवडणारं नव्हतं. खोती १९४९च्या कायद्याने गेली, पण सगळ्याच पडव्या गेल्या नाहीत. पालखी दारात यायची असते, मयताला खांदा द्यायला माणसं लागतात, आणि गावाने वाळीत टाकलं तर काय होतं हे रायगड जिल्ह्याला सांगायला नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध विधिमंडळाने २०१६ साली कायदा केला, त्यामागे याच जिल्ह्यातल्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. अशा ठिकाणी ज्याची नक्कल होते त्याचं हसू ही वर्गणीच असते. ती भरली म्हणून त्याला मजा आली, असा हिशेब मांडणारे फार हुशार म्हणायचे.

‘पूर्वी लोक मोकळेपणाने घ्यायचे, आता विनोदच करता येत नाही,’ असा गळाही काढला जातो. पूर्वी घ्यायचे कोण आणि द्यायचे कोण, एवढं सांगा, मग पुढे बोलू.

पण दडपण आहे म्हणून हसू बदलतच नाही, असंही नाही. याचा दाखला महाडातच आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात इथेच मनुस्मृती जळली, आणि इथेच त्यांनी बायकांना सांगितलं की जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसले दागिने अंगावर घालू नका. स्वच्छतेचा उपदेश म्हणून ते भाषण वाचलं जातं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: चेष्टेखोरांची नक्कल ज्या खुणांवर उभी राहते, त्या खुणाच त्यांनी काढून घ्यायला लावल्या. आणि तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेले तमाशाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. महार बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्यांचा रोखठोक जबाब होता. ज्या फडाला सगळा महाराष्ट्र शिट्ट्या वाजवत होता, त्याला एका माणसाने दाद नाकारली.

पुढे आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच बाज घेतला, गौळणीला फाटा दिला आणि भटा-सावकारांना सोंगाड्याच्या तोंडी दिलं. मांडव तोच, ढोलकी तीच, लोकही तेच. हसण्याचा विषय मात्र उलटा झाला. लोकांच्या ‘स्वभावात’ विनोद असता, तर हे एका पिढीत घडलं नसतं.

थट्टा बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. शिमगा थट्टेशिवाय कसला? गावच्या पुढाऱ्याची, मुंबईहून ऐट घेऊन आलेल्या चाकरमान्याची, लेख लिहिणाऱ्याचीही खुशाल करा. त्यांना उलट बोलता येतं. कातकरीवाडीच्या नकलेला मात्र हसू नका. खांबाजवळच्या पोराकडून मी ही अपेक्षा करणार नाही, त्याला उद्या गावात राहायचं आहे. येत्या शिमग्यात ज्यांची खुर्ची पहिल्या रांगेत आहे, त्यांनी तेवढं गप्प बसावं.