न दुखणारी दुखणी

दिवाळी अंकात पथ्याची गोष्ट काढणे म्हणजे पंक्तीत जिलबी वाढली जात असताना सुंठीचा काढा पुढे करणे, हे मला कळते. पण हल्ली फराळाला बसले की एक जण ‘मला लाडू नको, शुगर आहे’ म्हणतो आणि शेजारचा ‘मला शेव नको, बीपी आहे’ म्हणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी 11.4 टक्क्यांना मधुमेह आणि 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. तेव्हा विषय पंक्तीतलाच आहे.

मी भाषेचा मास्तर. ‘बीपी आहे’ हे वाक्य ऐकले की मला मौज वाटते. ज्याला रक्तदाब मुळीच नाही तो तिरडीवर असतो! आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘र’ येतो. म्हणून गोळीची ‘गोरी’ होते. ‘गोरी एकदा लागली का सुटत नाई’ हे मी पवनीपासून तुमसरपर्यंत ऐकत आलो आहे. यातले ‘लागली’ हे क्रियापद पाहा. खर्रा लागतो, दारू लागते, तशी गोळी लागते! चष्माही लागतोच की. पण चष्मा काढला की अक्षर दिसेनासे होते, म्हणून माणूस तो मुकाट्याने पुन्हा घालतो. ही गोळी सोडली तर चार महिने काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. दुखणे म्हणावे आणि दुखू तर नये, अशी ही जोडगोळी. नासधूस आत चाललेली असते: मूत्रपिंडात, डोळ्यांच्या पडद्यात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत.

आणि दोघांची धाड पडते ती एकाच घरावर. 1998 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले 1,148 रुग्ण त्यात होते. ज्यांचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे आवरला, त्यांच्यात वरचा आकडा सरासरीने अवघा दहाने कमी राहिला. पण पक्षाघात 44 टक्क्यांनी घटला. म्हणजे नुसती साखर सांभाळणारा मधुमेही निम्मीच राखण करतो.

माझे मोठे मामा पवनी तालुक्यात धान पिकवतात. त्यांच्या बीपीचा डॉक्टर भंडाऱ्याला, शुगरचा नागपूरला. दोन फायली, दोन पिशव्या, आणि या डॉक्टरने काय दिले ते त्याला ठाऊक नाही. वर ‘आता बरं वाटते’ म्हणून मामा मधूनमधून एक पिशवी बंद ठेवीत. एका आषाढी एकादशीला, ऐन रोवणीत, त्यांनी उपवास धरला आणि शुगरची गोळी मात्र इमानाने घेतली. दुपारी बांधावर दरदरून घाम, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध. बायका रोवणी टाकून धावल्या. ‘बीपी वाढलं’ असा सर्वांनी निकाल दिला आणि कोणी तरी बीपीची गोळी शोधायला घराकडे पळाले. सुदैवाने उपकेंद्र जवळ होते. तिथल्या सिस्टरने बोटाला सुई टोचून थेंब तपासला. साखर 54! तिने साखरेचे पाणी पाजले; पंधरा मिनिटांत मामा शुद्धीवर येऊन ‘उपास मोडला’ म्हणून तिच्यावरच रागावले.

तेव्हापासून मामा त्याच उपकेंद्रात जातात. वाचकांना हे बहुधा ठाऊक नसेल, पण नोव्हेंबर 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या 25 जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि आमचा भंडारा असे चार होते. पुढे 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्यातली युक्ती अगदी साधी आहे. औषधे मोजकी, वाढवण्याचा क्रम ठरलेला, प्रत्येकाचे कार्ड, महिन्याच्या गोळ्या शक्य तितक्या घराजवळ, आणि जो तारखेला आला नाही, त्याला हाक मारणे. 2023 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने 2025 अखेर साडेसात कोटी रुग्णांना अशा उपचाराखाली आणण्याचे लक्ष्य ठेवले, त्यात रक्तदाबाबरोबर मधुमेहही धरला. मला स्वतःला त्या कोटींपेक्षा कार्डाचे कौतुक अधिक. मामांचे दोन्ही आकडे आता एकाच कागदावर शेजारी शेजारी बसतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ते एका नजरेत वाचतात. लघवीतली प्रथिने, डोळे, पायांची बोटे यांची तपासणीही वर्षातून एकदा त्यांनी लावून दिली आहे. आणि उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही, हे कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिले आहे.

सिस्टर कडक आहे. दंडाला पट्टा बांधण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसायचे, अर्ध्या तासात चहा नाही, खर्रा तर नाहीच. मामांसारख्या गप्पिष्ट माणसाला गप्प बसवणे हे निम्मे वैद्यक झाले!

सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. गोळ्यांचा साठा संपला की कार्डाचा नुसता पुठ्ठा उरतो. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे शब्द दोनदा ऐकलेला मजूर तिसऱ्यांदा रोजी बुडवून येत नाही. रोवणीत आणि धानकापणीत गैरहजेरीची यादी लांबते. शिवाय दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की गावोगाव रात्रभर नाटके. सकाळी कोणाला तारीख आठवते? म्हणून सिस्टर मंडईआधीच यादी घेऊन आशाताईला घरोघर पाठवते. यंदा मामांची तारीख नेमकी गावच्या मंडईच्या दिवशी पडली आहे. त्यांनी फोनवर मला विचारले, “सिस्टरबाईले सांगून एक दिवस आधी गोऱ्या भेटतील का?” मी म्हटले, “मामा, तुम्हीच विचारा.” ते म्हणाले, “विचारलं. थे म्हणते, या. पन खर्रा थुकून या.”