किल्ली देऊ नका, चाळीस ओळी लिहा

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या इनबॉक्समधली माहिती आपणच बाहेर काढायला शिकलं पाहिजे. 'तुमचा खर्च आम्ही मोजून देतो, फक्त ईमेल वाचायची परवानगी द्या' म्हणणाऱ्या ॲपला ती परवानगी देणं म्हणजे हिशेब लिहायला बोलावलेल्या माणसाच्या हाती घराची किल्ली देणं. हिशेबाला किल्ली लागत नाही. नवशिक्यानं लिहिलेली चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरते.

फोन उघडून बघा. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, जेवणाच्या ऑर्डरी, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट. आपला सगळा व्यवहार तिथं तुकड्यातुकड्यांनी पडलेला असतो. कंपन्यांकडे तो नीट तक्त्यात मांडलेला आहे. आपल्या वाट्याला येतो तो रंगीत मेल आणि खाली जाहिरात. २०१९च्या डेटा संरक्षण विधेयकात आपली माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३च्या कायद्यात तो राहिला नाही. गोषवारा मागण्याची तरतूद आहे, पण पूर्ण तक्ता द्या असं म्हणता येत नाही.

मग तक्ता बनवतं कोण? अनरोल.मी नावाची फुकट सेवा नकोशा न्यूजलेटरांची गर्दी हटवून द्यायची. तिची मालक कंपनी वापरकर्त्यांच्या इनबॉक्समधल्या पावत्यांतून बाजाराची माहिती काढून विकत होती. लिफ्टच्या पावत्यांवरून काढलेली माहिती, ग्राहकांची नावं वगळून, उबरला विकली गेल्याचं २०१७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. लोकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०१९मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाईही केली. आता गंमत बघा. मेल उघडायचा, रक्कम शोधायची, तक्त्यात लिहायची; मूळ काम एवढंच. नवशिक्याची स्क्रिप्टही हेच करते. फक्त तक्ता आपल्याजवळ राहतो.

मी कॉमर्सची. कोडिंगचा कुठलाही कोर्स केलेला नाही. तरी हे जमलं, कारण युक्ती साधी आहे. जीमेलमध्ये पावत्यांना एक लेबल लावा आणि गूगल टेकआउटमधून तेवढंच लेबल उतरवून घ्या. हाती एमबॉक्स नावाच्या प्रकारची फाइल येते, त्यामुळे स्क्रिप्टला पासवर्ड द्यायची वेळच येत नाही. ही फाइल वाचायचं साधन पायथनमध्ये आधीपासूनच असतं. प्रत्येक मेलला तीन प्रश्न विचारायचे: कुणाचा, कधीचा, रक्कम किती? उत्तरं सीएसव्ही फाइलमध्ये. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड किंवा टर्मक्समध्ये हेच करता येतं. बोटं दुखतात, पण होतं.

उलट काही खाचाखोचा आपल्यालाच चटकन दिसतात. नेटवरून उचललेला रक्कम शोधायचा नमुना अनेकदा १२५,००० असा स्वल्पविराम गृहीत धरतो. आपल्या पावतीवर १,२५,००० असतं. ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकी पद्धतीनं ४ मार्च. म्हणून तारीख पावतीच्या मजकुरातून न घेता मेलच्या शीर्षभागातून घ्यावी. तिथं महिना अक्षरात असतो. मराठी विषयाच्या जागी गिचमीड दिसली तर घाबरू नका. तो प्रवासापुरता केलेला वेश असतो, पायथन तो उतरवून देतं.

जाणते प्रोग्रॅमर हसतील. उद्या कंपनीनं मेलची मांडणी बदलली की तुमची स्क्रिप्ट कोसळेल, म्हणतील. कोसळू दे, दोन ओळी बदलू. खरा धोका गुपचूप चुकण्याचा असतो. त्यासाठी ज्या मेलमध्ये रक्कम सापडली नाही तो गाळायचा नाही, वेगळ्या यादीत ठेवायचा. आणि दहा पावत्या हातानं ताडून बघायच्या. कुठल्याही दुकानातला हिशेबनीस हेच करत आला आहे.

काही म्हणतील, एवढी खटपट कशाला, एआय आहे ना? जरूर आहे. त्याच्याकडून कोड लिहून घ्या, ओळ कळली नाही तर विचारा. पण पावत्यांचा गठ्ठा चॅटमध्ये ओतू नका. तीही किल्ली देणंच झालं. आणि हा सगळा खटाटोप स्वतःच्या इनबॉक्सपुरताच. दुसऱ्याच्या मेलवर चालवली तर ती चोरी, आणि ऑफिसचा मेल आपला नसतो.

माझ्या तक्त्यानं मला एक आकडा दिला: वर्षभरात जेवणाच्या ऑर्डरींवर डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म शुल्क मिळून ६,४०० रुपये. एकेका पावतीवर ते वीस-तीस रुपये असतात, नजर सहज पुढे सरकते. पावती प्रत्येक वेळी येते, वर्षाची बेरीज कुणी पाठवत नाही. ती न दिसण्यात कुणाचा फायदा आहे, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा या रविवारी फक्त एका कंपनीच्या पावत्यांना लेबल लावा. फाइल उतरवा, पहिल्या मेलमधून पहिली रक्कम काढून दाखवा. आणि खर्च मोजून देणाऱ्या कुठल्या ॲपला इनबॉक्सची परवानगी दिली असेल, तर त्याच दिवशी काढून घ्या.