हवा मोजायची, तर नळीही नीट जोडा



मागील वार्षिक सभेनंतर एका सभासदांनी आम्हांला गाठून विचारले, "साहेब, उसाला दर द्यायचा सोडून हवा मोजायच्या यंत्रावर पैसा कशाला?" प्रश्न रास्त होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली साखर कारखाने व आसवन्यांसह १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मापनाची यंत्रे बसवायला सांगितले. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपले सोलापूर शहरही आहे. तेव्हा यंत्र हवेच. आमचे म्हणणे आहे ते त्याच्या नळ्यांबद्दल. यंत्र लाखांचे आणि नळी मात्र हाताला लागेल ती, असे होऊ नये.

यंत्राचा आकडा बरोबर आहे का, हे तपासायला ठरावीक प्रमाणाच्या वायूचे सिलिंडर जोडतात. भरल्या सिलिंडरातला दाब शंभर बारच्याही वर असू शकतो. यंत्राला लागतो मिनिटाला लिटरभर वायू, तोही बाहेरच्या हवेइतक्याच दाबाने. ठिबकवाल्यांना हे सांगायला नको. मोटरीचा सगळा दाब लॅटरलवर सोडला की ड्रिपर उडतात, म्हणून आपण बायपास ठेवतो. इथेही रेग्युलेटरच्या पुढे 'टी' लावायचा; यंत्र हवे तेवढे ओढते, जादा वायू दुसऱ्या तोंडाने बाहेर जातो. बाहेर म्हणजे खोलीच्या बाहेर! कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. आम्ही एके ठिकाणी पाहिले, दार बंद, एसी चालू, जादा वायूची नळी टेबलाखाली लोंबतेय आणि शेजारी पोरगा डबा खातोय. डोकं दुखतंय म्हणाला. वायूने की उन्हाने, देव जाणे. पण आम्ही आधी दार उघडले. सिलिंडरही साखळीविना भिंतीला नुसताच टेकवलेला होता.

गळतीचेही तसेच. सिलिंडरकडच्या जोडांना साबणाचे पाणी लावा, फुगे आले की कळते. ओढणाऱ्या नळीला मात्र साबण लावू नका, पाणी आत जाईल. तिचे तोंड क्षणभर बंद करून प्रवाह शून्यावर येतो का, ते पाहावे. सक्शनने हवा धरली की विहिरीवरची मोटर पाणी सोडते, तसे इथे खोलीतली हवा शिरून आकडा पडतो. साधी रबरी नळी सल्फर डायऑक्साईड स्वतःच धरून ठेवते, म्हणून टेफ्लॉनची घ्यावी.

आकडा कमी आला म्हणून खूश होणारेही भेटतात. वजनकाटा कमी दाखवतो तेव्हा आपण गप्प बसतो का?

आमचे स्पष्ट मत असे, की हे काम हाताला लागेल त्या गड्याकडे देऊ नये. शिकलेला फिटर आणि जोडीला एक माणूस असावा, तारीखवार नोंदवही असावी, आणि ती कोणाही सभासदाला बघता यावी. नळ्यांचा खर्च एका ट्रॉलीच्या बिलात बसेल. गळीत सुरू होण्यापूर्वी त्या बदलाव्यात, असे आम्ही कळवले आहे.