गायीसाठी नियम वाकला

मागे आमच्या एका शिबिरात ‘पर्यायी विकास’ या सत्रात एका कार्यकर्त्याने अमेरिकेतल्या आमिश लोकांची चित्रफीत दाखवली. घोडागाड्या, खेचरांनी ओढलेली अवजारं, डोक्यावर पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, लख्ख गोठा, धष्टपुष्ट गायी. घरात टीव्ही नाही, दारात मोटार नाही, विजेच्या खांबावरून आलेली तार नाही. “बघा, गरजा कमी ठेवल्या की माणूस आणि जनावर दोघंही सुखात राहतात,” असं तो म्हणाला. बायका माना डोलवत होत्या. मी गप्प बसले. मी त्या भागात राहून आले होते, आणि जे पाहिलं ते पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा न बोललेलं इथे लिहिते आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर जिल्ह्यात माझ्या आत्तेबहिणीकडे होते. तिची शेजारीण निवृत्त नर्स. ती आमिश बायकांना आपल्या मोटारीतून भाड्याने नेते-आणते. आमिशांनी स्वतःची मोटार बाळगायची नाही, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला हरकत नाही. (हसू येतं खरं. मलाही आलं. पण त्यामागे विचार आहे: दाराशी गाडी उभी असली की माणूस उठसूट लांब जातो आणि शेजार सुटतो.) या शेजारणीबरोबर मी एका दूधवाल्या घरी गेले. घरच्या बाईला महिन्याभरापूर्वी सातवं मूल झालं होतं. बाळंतपणात मदतीला एक तरुण मुलगी ठेवायची त्यांच्यात पद्धत आहे, ती नुकतीच परत गेली होती. माझं माहेर दुधाचं, मला धार काढता येते, हे ऐकून बाई म्हणाली, “मग उद्या ये.” पुढचे तीन आठवडे मी पहाटे तिथे जात राहिले. तिचं नाव लिहीत नाही. फोटोही नाही, फोटो काढून घेणं त्यांना चालत नाही.

आमिश हे मूळचे स्वित्झर्लंड आणि आसपासचे ख्रिस्ती. १६९३ मध्ये याकोब अम्मान याच्या मागे गेलेला हा पंथ पुढे छळाला कंटाळून अमेरिकेत आला. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून ते चार लाखांच्या आसपास आहेत. घरात जर्मनची एक बोली बोलतात, आमच्यासारख्यांशी इंग्रजी. पंचवीस-तीस घरांची एक मंडळी असते आणि तिचे नियम असतात. कपड्यांच्या बटणांपासून गोठ्यातल्या यंत्रापर्यंत सगळं त्या नियमांत बसतं. मंडळीचे पदाधिकारी फक्त पुरुष. नावं सुचवायचा हक्क बायकांनाही आहे, पण नाव पुरुषाचंच सुचवायचं.

आता गोठा. बेचाळीस होल्स्टीन गायी, दोन रांगांत बांधलेल्या, वर गवताचा माळा. पहाटे पावणेपाचला डिझेल इंजिन सुरू व्हायचं. त्या एका इंजिनावर दूध काढायच्या यंत्राची हवा ओढली जाते आणि दुधाची टाकी थंड राहते. उजेड बॅटरीच्या दिव्यांचा. नवरा, थोरला मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी धारा काढायचे. आधी सड औषधात बुडवायचे, मग पहिल्या दोन-चार धारा एका जाळीच्या पेल्यात काढून गुठळी दिसते का बघायचं, सड पुसायचे आणि मग यंत्र लावायचं. गुठळी दिसली की त्या गायीचं दूध वेगळं. कासदाह म्हणजे आपल्याकडे दगडी म्हणतात ती. ती एकीला झाली की बाकीच्यांना व्हायला वेळ लागत नाही. भरलेली बादली वीस-बावीस किलोची. ती उचलून दूधघरातल्या टाकीपर्यंत न्यायची. नळीतून दूध परस्पर टाकीत जाण्याची सोय जगभर आहे, पण या भागातल्या आमिश गोठ्यांत तिला परंपरेने मनाई. नळी आली की गायी वाढतील, गायी वाढल्या की गडी लागतील आणि शेत घराचं राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

वासरं बाईकडे. गाय व्याली की वासरू त्याच दिवशी वेगळं करतात. त्याला दोन-तीन तासांच्या आत चीक पाजायचा, बाटलीने, कारण त्यातली रोग रोखणारी शक्ती नंतर अंगी लागत नाही. नाळेला आयोडीन लावायचं. मग बाहेर एकेकट्या छोट्या खोपट्यात कोरड्या काडावर ठेवायचं. पहिल्या दिवशी मला ते फार लागलं. आपल्याकडे वासरू लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही, निदान माझ्या आईच्या गोठ्यात तरी. इथे आई रात्रभर हंबरत होती. “दोन दिवस,” बाई म्हणाली, “मग विसरते.” ती विसरते की हंबरायची थांबते, हे मी विचारलं नाही. कालवडी ठेवतात, गोऱ्हे आठवड्याभरात लिलावाला जातात.

पण बाईची नजर! खोपट्यांच्या ओळीपुढून चालत जायची आणि कान पडलेलं वासरू लांबूनच ओळखायची. कुठल्या गायीची कालवड, आजी किती दूध द्यायची, कोण लाथा मारते, सगळं तिच्या वहीत. एक दिवस गुरांचे डॉक्टर आले. ते बाहेरचे, मोटारीतून येणारे. त्यांनी प्रश्न नवऱ्याला विचारले आणि प्रत्येक उत्तर बाईने दिलं. डॉक्टर तरीही पुढचा प्रश्न नवऱ्यालाच विचारत राहिले. हा डॉक्टर आमिश नव्हता, हे मुद्दाम सांगते.

धारा संपल्या की भांडी. आधी कोमट पाणी, कारण एकदम कढत घातलं तर दूध चिकटून बसतं. मग कढत पाणी आणि साबण, मग आम्लाचं पाणी. हे दिवसातून दोनदा, आणि रविवारीसुद्धा. रविवारी शेतीचं काम बंद, पण गायीला रविवार कळत नाही. हे सगळं झाल्यावर नऊ माणसांची न्याहरी, शाळेचे डबे, पेट्रोल इंजिनवर चालणाऱ्या यंत्रात कपडे, दोरीवर वाळत घालणं, भाजीपाल्याच्या बरण्या भरणं, बाळ. आणि जोडघरात राहणारे सासू-सासरे. म्हातारपणी आमिश माणूस एकटा पडत नाही ही खरी आणि मोठी गोष्ट आहे. ती कुणाच्या हातांनी घडते हेही तितकंच खरं.

चित्रफीत दाखवणाऱ्या त्या कार्यकर्त्याला मला हेच सांगायचं होतं. ‘गरजा कमी’ म्हणजे काय? ट्रॅक्टर शेतात नको, नळी नको, गडी नको, म्हणजे हात हवेत. गायी किती, हे हातांवर ठरतं आणि हात बाईच्या पोटातून येतात. घरटी सहा-सात मुलं हे त्यांच्यात सर्वसाधारण. गर्भनिरोधन मंडळीला पसंत नाही. घटस्फोट घेतला तर मंडळीबाहेर. विण्याआधी दोन महिने गायीला आटवतात, कासेला विश्रांती मिळावी म्हणून. ही बाई बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात दूधघरात उभी होती. मी एकदा न राहवून तिला हे म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, “गायीचं दूध विकायचं असतं ना.”

कुणी म्हणेल, त्यांचा धर्म आहे, जुनी रीत आहे, ती बदलत नाही. तर मैत्रिणींनो, बदलते. १९६० च्या दशकात दूध कंपन्यांनी या शेतकऱ्यांना कळवलं की कॅनमधलं दूध आता पहिल्या प्रतीचं म्हणून घेतलं जाणार नाही. थंड टाकी बसवा आणि दूध आपोआप ढवळत राहील अशी सोय करा. मंडळीचे वडीलधारे आणि कंपन्या बोलायला बसले. टाकी आली, ती डिझेलवर थंड करायची. ढवळणारं यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर. दुधाची गाडी रविवारी येणार नाही. दोन्ही बाजू थोड्या सरकल्या. दुधाचा पैसा थांबणार होता, म्हणून नियम वाकला. मला यात ढोंग दिसत नाही, शहाणपण दिसतं. माझा प्रश्न इतकाच, की बाईसाठी किंवा मुलीसाठी नियम कधी वाकतो?

त्या घरात टेलिफोन नव्हता, पण गल्लीच्या टोकाला लाकडी खोपटात शेजाऱ्यांनी मिळून ठेवलेला होता. गाय अडली तर मध्यरात्रीसुद्धा कंदील घेऊन कोणी तिथे धावायचं आणि बाहेरचा डॉक्टर बोलवायचं. या घराबद्दल मी पुढचं बोलत नाही, तिथे मला तसं काही दिसलं नाही. पण २०२० साली अमेरिकेतल्या एका महिला नियतकालिकाने सात राज्यांतल्या आमिश वस्त्यांमधली, वीस वर्षांतली, बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची ५२ अधिकृत प्रकरणं शोधून मांडली. त्यातून दिसलेली रीत अशी: गुन्हा करणाऱ्याने मंडळीपुढे गुडघे टेकून कबुली द्यायची, काही आठवडे बहिष्कार भोगायचा, मग सर्वांनी क्षमा करायची. मुलीनेसुद्धा. क्षमा केल्यावर विषय काढणं हेच पाप. पोलिसांकडे जाणं म्हणजे बाहेर जाणं. गायीच्या कासेसाठी बाहेरचा माणूस चालतो, मुलीसाठी चालत नाही. वस्ती, पंच, घराण्याची अब्रू हे शब्द आपल्या केसेसमध्ये रोज ऐकणाऱ्या कार्यकर्तीला यात नवीन काही वाटणार नाही.

जनावरांच्या बाबतीतही फार भाबडं होऊ नये. अमेरिकेत २००३ साली सत्तर हजारांच्या आसपास दुग्धशाळा होत्या, २०२३ पर्यंत त्या सव्वीस हजारांवर आल्या. चाळीस गायींचं घर या भावात टिकत नाही. म्हणून कुणी सुतारकामाकडे वळलं, बायकांनी गोधड्यांची आणि पावाची दुकानं काढली, आणि काही शेतांवर कुत्र्यांची पैदास सुरू झाली, पिंजऱ्यांत. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियाला पिंजऱ्याचा आकार आणि जाळीची जमीन यांबाबत कायदा कडक करावा लागला. गोठ्याला नाव असतं तसं पिंजऱ्याला नसतं. हातांवर बसवलेली काळजी हात तुटपुंजे पडले की कशी बदलते, ते यात दिसतं.

मी बाईला एकदा सरळ विचारलं, की दुधाचा चेक कुणाच्या नावाने येतो? “त्याच्या.” शेत कुणाला जाणार? “धाकट्याला.” आणि वासरांची वही? ती थोडी थांबली. “वही माझी.” मग तिने मला उलट विचारलं: तुझ्या आईच्या गोठ्यात कसं होतं? मी सांगितलं. शेण, वैरण, धारा आईच्या. डेअरीच्या वहीत नाव बाबांचं. ती म्हणाली, “मग तू इतक्या लांब हे बघायला का आलीस?” याला मी काहीतरी उत्तर दिलं, ते आठवत नाही.

ती दुःखी नाही, हे लिहायलाच हवं. तिला माझी कीव आली होती. मला मूल नाही, घरात रात्री जेवायला दोनच माणसं, मी काम शोधत परगावी फिरते. दुपारी गोधडीभोवती सहा-सात जणी जमायच्या तेव्हा जे हसणं चालायचं, ते मी आमच्या ऑफिसात ऐकलेलं नाही. तेरा वर्षांची मुलगी मला टोपल्यातली मांजरं दाखवायची आणि अमेरिकेच्या नकाशात नसलेली गावं विचारायची. भारतात किती नद्या आहेत? समुद्र खारट कशाने? तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यांच्या एकखोली शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक तरुण अविवाहित मुलीच असतात, आणि त्याही आठवीपर्यंतच शिकलेल्या. आठवीनंतर शाळा नाही. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने त्याला मान्यता दिली. त्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं, की मुलांना स्वतःला काय हवं ते कुणी विचारलेलं नाही. एम.एस.डब्ल्यू.ला आम्ही हा खटला अल्पसंख्याकांच्या हक्काचा म्हणून वाचला होता. ते मत तेव्हा मी तळटीप म्हणून सोडून दिलं होतं.

निघताना मी पत्ता ठेवून आले होते. आमिश बायका पत्रं फार लिहितात. मे महिन्यात पत्र आलं, चार पानी, पेन्सिलीचं. लंगडणारी म्हातारी गाय विकली. मी बाटली पाजलेली कालवड कळपात गेली, तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका आता हातभर झालाय. बाळ रांगतं. मुलीची आठवी एप्रिलअखेर संपली, ती आता सकाळ-संध्याकाळ गोठ्यात असते, त्यामुळे खूप सोपं झालं आहे. खाली मुलीने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: समुद्राचं तू सांगणार होतीस.