पहिली गिटार, दोन नाणी आणि भुसावळचं ऊन

भुसावळहून एक मेल आलाय. नवी नोकरी, पहिला पगार आणि गिटार शिकायची जबरदस्त खाज! बजेट सहा हजार. शेवटी एकच ओळ : 'कुठली घेऊ?' सही प्रश्न आहे बॉस. पण 'कुठली'च्या आधी 'कशी' येतं.

बऱ्याच गिटारी तीन-चार महिन्यांत कपाटावर जाऊन बसतात. घरचे म्हणतात, 'फॅड होतं, उतरलं.' फॅड वगैरे काही नसतं हो! बिचाऱ्याची बोटं सोलून निघालेली असतात. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच की एफ कॉर्ड धरताना डोळ्यांत पाणी. आणि वर हा स्वतःलाच कोसतो, आपल्यात टॅलेंटच नाही म्हणून. तारांच्या या उंचीला 'ॲक्शन' म्हणतात. स्वस्त गिटारमध्ये सगळ्यात जास्त मार खाते ती हीच, कारण ती फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतो तो चकचकीत काळा रंग.

म्हणून दुकानात जाताना खिशात एक रुपयाची दोन नाणी ठेवा. मानेवर जिथे दोन ठिपके शेजारी शेजारी असतात तो बारावा फ्रेट. नाणी एकावर एक ठेवून तिथे सगळ्यात जाड तारेखाली सरकवून बघा. दोन्ही मिळून साधारण तीन मिलिमीटर भरतात. नाणी जाऊन वर आणखी जागा उरत असेल तर ती गिटार खाली ठेवा, किंवा दुकानदाराला ॲक्शन कमी करून मागा. ब्रिजवरची पांढरी पट्टी खालून घासली की तारा खाली येतात. कसबी माणसाचं अर्ध्या तासाचं काम, पण तेवढ्याने गिटार वाजवण्याजोगी होते.

मग फोनवर ट्यूनर ॲप लावा. तार मोकळी छेडा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. सूर तोच, फक्त एक सप्तक वर यायला हवा. काटा हलला तर ही गिटार जन्मभर किंचित बेसुरीच वाजणार, कितीही ट्यून करा.

आता भुसावळचं ऊन. इथे नेहमीचा सल्ला जरा उलटा करावा लागतो. जाणकार सांगतात, पुढची फळी अखंड लाकडाची घ्या, आवाज खुलतो. खरं आहे. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, आणि खोलीत रात्रभर कूलरचा ओला वारा! लाकूड आज आक्रसतं, उद्या फुगतं. अखंड फळीला अशाने तडा जाऊ शकतो. पातळ थर चिकटवलेली, म्हणजे लॅमिनेटेड फळी हे जास्त सोसते. स्वस्त गिटारी बहुतेक तशाच असतात, म्हणजे या एका बाबतीत कमी बजेट तुमच्या पथ्यावर! मात्र मानेत ट्रस रॉड आहे का, हे विचाराच. तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. मान वाकली तर ती सरळ करायला हाच रॉड फिरवतात.

घरी आणल्यावर गिटार कूलरसमोर नको, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर नको, स्लॅबखालच्या माळ्यावर तर नकोच. उन्हात उभ्या कारमध्ये राहिली तर ब्रिजचा गोंद मऊ पडून ब्रिज सुटायला लागतो. पॅडेड बॅगेत घालून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा, बास.

ब्रँडचं म्हणाल तर आपल्याकडे अनेकांची सुरुवात कोलकात्याच्या गिव्हसन किंवा हॉबनरवर झालीय. (गिब्सन आणि होनर नव्हेत, नीट वाचा!) या स्वस्त असतात, पण एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या निघतील याची खात्री नाही, तेव्हा नाण्यांची टेस्ट प्रत्येकीवर करा. बजेट ताणता आलं तर यामाहाची एफ२८० किंवा एफ३१०. दिसायला साधी, पण नवशिक्याला दगा देत नाही. सहा हजारच असतील तर गिटारवर पाचच घाला. उरलेले बॅग, तारा आणि सेटअपसाठी.

खरेदी कुठे? जळगाव पंचवीसेक किलोमीटरवर आहे, आधी तिथे हाताळून बघा. मुंबईला चक्कर होणार असेल तर धोबीतलावला १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे. येताना ट्रेनमध्ये गिटार वरच्या बर्थवर स्वतःजवळ घ्या. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या टेस्ट उरका.

'नायलॉनच्या तारांनी बोटं दुखत नाहीत ना?' असंही मेलमध्ये विचारलंय. कमी दुखतात, पण त्या गिटारची मान रुंद असते आणि सिनेमातल्या गाण्यांचा तो खणखणीत आवाज त्यातून येत नाही. आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावायचा जुगाड अजिबात नको, ब्रिज उखडून हातात येईल. त्यापेक्षा स्टीलचीच घ्या आणि दुकानात टांगून गंजलेल्या तारा पहिल्याच दिवशी बदला. नवा सेट मागताना 'दहा गेज, एक्स्ट्रा लाइट' म्हणा. बहुतेक ठिकाणी बाराचा पुढे करतील, घेऊ नका.