श्रेय कोणाचे?

ख्रिस्ती धर्माने पाश्चात्त्य समाज व राजकारण कसे घडविले हे सांगणारी लोकप्रिय इतिहासाची पुस्तके आवडीने वाचली जातात. टॉम हॉलंड यांचे २०१९ साली प्रसिद्ध झालेले ‘डोमिनियन’ त्यांपैकी विशेष गाजले. समता, मानवी हक्क, इतकेच नव्हे तर धर्मनिरपेक्षतादेखील ख्रिस्ती विचाराच्याच मुशीतून निघाली, हा त्याचा आशय. क्रूसावर गुलामाचे मरण पत्करणारा देव दुर्बलांना बळ देतो, हा मुद्दा समाजवाद्यांनी हसण्यावारी नेऊ नये. तथापि विचारांच्या वंशावळीने लढ्याचा इतिहास पुरा होत नाही.

बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळे इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेच्याच मालकीचे होते आणि तेथे गुलाम राबत. १८०७ साली लंडनमध्ये गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. इस्रायली लोक मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथा त्यातून गाळलेली! ती कथा गुलामांपर्यंत पोहोचली तर काय होईल, हे मालकवर्ग पुरते ओळखून होता. १८३१ च्या नाताळात जमैकातील गुलामांनी संप पुकारला व त्याचे बंड झाले. नेता सॅम्युएल शार्प हा स्वतः गुलाम आणि बाप्टिस्ट उपदेशक. १८३२ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. पुढे १८३३ च्या मुक्तीच्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८७३ ची ‘गुलामगिरी’ मात्र त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. कोणत्याही धर्मपीठाला नव्हे.